एसी कंप्रेसर जाम झालाय, ठाण्यात घरीच बदलायचा विचार आहे, कुणी केलंय का?

घोडबंदर_रोजचा
नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, साधा मॅन्युअल एसी. गेल्या आठवड्यात गायमुखच्या चढाला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, एसी चालू, आणि एकदम बोनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज, रबर जळाल्याचा वास आणि इंजिन आता बंद पडतंय असं झालं. एसीचं बटन बंद केलं तर लगेच सगळं नॉर्मल. घरी येऊन परत लावून बघितला, तेच. वर्कशॉपवाले म्हणाले कंप्रेसर जाम आहे, आणि कंप्रेसर, कंडेन्सर (पुढची, गॅस थंड करणारी जाळी), गॅस, लेबर सगळं धरून 41 हजारचं एस्टिमेट हातात दिलं.

येवढे पैसे आत्ता नाहीयेत आणि एसीशिवाय चालणारही नाही कारण आईला दर आठवड्याला कळव्याला न्यावं लागतं आणि मे महिन्यात दुपारी तिला त्या उकाड्यात बसवणं मला बघवत नाही. माझ्याकडे गोटी (सॉकेट) सेट, जॅक, दोन जॅक स्टँड आहेत, ब्रेक पॅड, बेल्ट, अल्टरनेटर हे सगळं मी स्वतः बदललेलं आहे. कंप्रेसर चार बोल्ट आणि दोन पाइपवर बसलेला दिसतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना कंप्रेसर 4-5 हजारात मिळतो म्हणे. तो आणून बसवला आणि गॅस भरून घेतला तर होईल का? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

पाना_तेरा_नंबर
आधी कंप्रेसर खरंच जाम आहे का ते स्वतः बघा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. इंजिन बंद, चावी काढलेली. कंप्रेसरच्या तोंडाशी पुली आहे आणि पुलीच्या पुढे एक छोटी प्लेट आहे, ती एसीच्या क्लचची प्लेट, एसी लावला की मॅग्नेट तिला पुलीला चिकटवतो. एसी बंद असताना पुली बेल्टबरोबर मोकळी फिरते, प्लेट थांबलेली असते. ती प्लेट हाताने फिरवून बघा. थोडा अडखळत अडखळत पण फिरली तर कंप्रेसर जिवंत आहे, मग भानगड क्लचमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. अजिबात हलली नाही तर मात्र गेला.

माझ्या गाडीत कंप्रेसर बदला म्हणून सांगितलेलं आणि निघालं काय तर प्लेट आणि पुलीमधला गॅप वाढलेला. तो गॅप साधारण 0.3 ते 0.6 मिलीमीटर लागतो, जास्त झाला की इंजिन तापल्यावर मॅग्नेट प्लेट ओढू शकत नाही. मधली पातळ वॉशर काढली, झालं काम. पण तुमच्या वर्णनात बेल्ट घसरतोय, इंजिन दाबलं जातंय, म्हणजे क्लच तर धरतोय. तरी बघाच.

घोडबंदर_रोजचा
बघितलं. प्लेट हलत नाही. मधल्या नटला पाना लावून जोर दिला तरी नाही. पुली मात्र मोकळी फिरते, आवाज नाही. आणि कंप्रेसरच्या तोंडाशी काळं तेलकट चिकटलंय.

कोपरखैरणे_कारएसी
मी कार एसीचंच काम करतो, नवी मुंबईत, कित्येक वर्षं झाली. तुमच्यासारखे लोक जेव्हा गाडी घेऊन येतात तेव्हा बोलायला वेळ नसतो म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे आजपासून एसीचा रिले काढून ठेवा. नुसतं बटन बंद ठेवून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेचा डिफॉगर लावला की कंप्रेसर आपोआप लागतो. आणि काही गाड्यांत तोच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवतो, तो तुटला तर गाडी तिथेच उभी.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं, कंप्रेसर का गेला याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवीन बसवू नका. मला एक सांगा, तुम्ही दर उन्हाळ्यात गॅस टॉप-अप करत होता का? आणि ट्रॅफिकमध्ये कूलिंग कमी आणि हायवेला बरं असं होत होतं का?

घोडबंदर_रोजचा
हो, गेली तीन-चार वर्षं दर एप्रिलमध्ये टॉप-अप करायचो, 800-1000 रुपयात होऊन जायचं आणि पावसाळ्यापर्यंत चालायचं. ट्रॅफिकमधला फरक तसा जाणवला नाही, हळूहळू सगळीकडेच कमी होत गेलं. फॅन चालतो, आत्ता बघितला.

कोपरखैरणे_कारएसी
मग झालं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही हो, तो बंद पाइपात फिरत राहतो. दरवर्षी कमी होतोय म्हणजे कुठेतरी लीक आहे. आणि कंप्रेसरला वेगळा ऑइल पंप किंवा टाकी असं बहुतेक गाड्यांत काही नसतं, तेल गॅसबरोबरच सगळीकडे फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. लीकमधून गॅस जातो तेव्हा थोडं थोडं तेलही जातं. टॉप-अपवाला गॅस भरतो, तेल कोण भरतो? शिवाय गॅस कमी असला की तेल परत आणायला तो पुरत नाही, कंप्रेसरला गारवाही कमी मिळतो, कारण परत येणारा थंड गॅसच त्याला थंड ठेवतो. अशी तीन-चार वर्षं काढली की आतले पिस्टन कोरडे घासतात आणि एके दिवशी धरतात. वर्षाला हजार रुपये देऊन लोक हळूहळू कंप्रेसर मारतात, मी रोज बघतो आणि खरंच वाईट वाटतं कारण लीक शोधायला तितकेच पैसे लागले असते.

कुर्ल्याच्या जुन्या कंप्रेसरबद्दल: तो कुठल्या गाडीतून आला, तोंडं किती दिवस उघडी होती, आत पावसाचं पाणी गेलं का, काही कळत नाही. काढून ठेवलेल्या कंप्रेसरची शाफ्ट सील सुकते आणि बसवल्यावर महिन्याभरात तिथून गळायला लागतो. बॉडी पार्ट, अल्टरनेटर, आरसे यासाठी कुर्ल्याला खुशाल जा. कंप्रेसर नवीनच घ्या.

आता घरी करायचं का? नटबोल्टचं काम तुम्ही करू शकता, अल्टरनेटर केलाय म्हणजे हेही जमेल. पण गॅस काढणं आणि गॅस भरणं ही दोन कामं मशीनवर करून घ्या. पाइप खोलायच्या आधी आणि बसवल्यानंतर.

ठाणेकर_विजू
गॅस काढायला कशाला मशीन, आधीच संपत आलाय. पाइप थोडा लूज करायचा, फुस्स करून जातो पाच मिनिटांत, सगळे गॅरेजवाले तेच करतात.

मेधा_नेरूळ
विजूदादा, सगळे करतात हे खरं आहे पण म्हणून ते बरोबर होत नाही, थोडं कळकळीने लिहिते. मी रेफ्रिजरंटच्याच, म्हणजे एसी-फ्रीजमधल्या गॅसच्या, क्षेत्रात काम करते.

आर-134ए, म्हणजे या गाडीच्या एसीतला गॅस, वातावरणाच्या दाबाला उणे 26 अंशाला उकळतो. लूज केलेल्या पाइपातून द्रव उडाला आणि हातावर किंवा डोळ्यात गेला तर जागच्या जागी त्वचा गोठते, डोळ्याचं तर विचारूच नका. हातमोजे आणि गॉगल नसताना एसीची कुठलीही लाइन खोलू नये, संपलाय असं वाटत असलं तरी. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो बेसमेंट पार्किंगमध्ये खाली साचतो आणि तिथे श्वास कोंडू शकतो. जवळ कुणी सिगरेट किंवा गॅस टॉर्च पेटवली तर तो आगीत फुटून हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो, तो फार विषारी.

आणि हवामानाचं. ओझोनला आर-134ए काही करत नाही, जुना आर-12 करायचा. पण 100 वर्षांच्या हिशेबात हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 1430 पट उष्णता धरून ठेवतो. छोट्या गाडीत 400 ग्रॅम धरा, म्हणजे 570 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण 2.3 किलो निघतो. म्हणजे एक फुल सिस्टीम हवेत सोडली की जवळजवळ 250 लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं, कित्येक टाक्या. हे असले गॅस कमी करायला 2016 ला रवांडातल्या किगालीला करार झाला, भारताने 2021 ला तो मान्य केला, आणि आपण पार्किंगमध्ये पाच मिनिटांत सोडून देतो.

ठाणेकर_विजू
250 लिटर? हा हिशेब माहीत नव्हता ताई. बरं.

कोपरखैरणे_कारएसी
ताईंनी लिहिलं ते बरोबर. धंद्याच्या बाजूनेही फायदा आहे, मशीनने काढलेला गॅस वजनात दिसतो. स्टिकरवर 400 ग्रॅम आणि निघाला 120 तर लीक किती आहे ते कळलं. बोनेटच्या आत किंवा पुढच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेला स्टिकर असतो, त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

स्टिल्टपार्किंग_हिरानंदानी
मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, त्या बाजूने एक. पार्किंगमध्ये गाडीची कामं करू नयेत असा ठराव बऱ्याच सोसायट्यांत असतो आणि तो तेलाच्या डागांमुळे आणि आगीच्या भीतीमुळे असतो. आमच्याकडे एका मेंबरने आधी पत्र दिलं, एक रविवार मागितला, खाली प्लास्टिक आणि पुठ्ठे अंथरले, संध्याकाळी सगळं उचललं, कुणाची काही तक्रार नाही. न सांगता सुरू केलं की वॉचमन येतो मग सेक्रेटरी येतो आणि अर्धी गाडी खोललेली असताना वाद होतो. आणि हो, जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, मुलं खेळत असतात, कुणी धक्का दिला तर?

घोडबंदर_रोजचा
सेक्रेटरींशी बोललो, हो म्हणाले, रविवार दिलाय. वर्कशॉपला गॅस काढून घेतला, 400 पैकी 90 ग्रॅम निघाला फक्त.

आता पार्ट काय काय घेऊ? वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये कंडेन्सर होता, तो मला जबरदस्ती घातल्यासारखा वाटला कारण कंडेन्सर फुटलेला नाहीये. तो वाचवता येईल का?

कोपरखैरणे_कारएसी
ते तुम्हाला कंप्रेसर काढल्यावर कळेल. मोठा पाइप म्हणजे सक्शन, बारीक पाइप म्हणजे डिस्चार्ज. कंप्रेसरचा डिस्चार्ज पाइप काढल्यावर त्याच्या तोंडात स्वच्छ पांढरं टिश्यू फिरवा. तेल पारदर्शक किंवा जरा पिवळसर असेल तर नशीब. काळं किंवा राखाडी असेल आणि चमकत असेल तर कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह (बारीक भोकातून गॅसचा दाब उतरवणारा), ड्रायर (आतलं पाणी शोषणारा) सगळं नवीन. फोटो टाका इथे.

घोडबंदर_रोजचा
काढला!! सगळा किस्सा लिहितो, कारण मला असं लिहिलेलं मराठीत कुठे सापडलं नव्हतं आणि कुणाला तरी उपयोग होईल.

बॅटरीची मायनस काढली. पुढचं उजवं चाक स्टँडवर, चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं, त्याच्या क्लिप निम्म्या तुटल्या, नवीन आणल्या. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) ढिला करून बेल्ट काढला, बेल्टवर एका जागी काच फिरवल्यासारखा चकाकता पट्टा आला होता, घसरून जळलेला, म्हणून बेल्टही नवीन घेतला. क्लचचा कनेक्टर काढला, दोन पाइपांचे प्रत्येकी एक बोल्ट. पाइप काढल्या काढल्या तोंडं प्लास्टिक पिशवी आणि रबर बँडने बंद केली. कंप्रेसरच्या पुढचे दोन बोल्ट सहज आले, मागचा खालचा बोल्ट 12 नंबरचा, तो ब्लॉकच्या आणि कंप्रेसरच्या मध्ये असा काही बसलाय की गोटी जात नाही आणि रिंग पान्याला अर्धा दात फिरायलाच जागा. गंज काढायचा स्प्रे मारून जेवून आलो, मग लांब रिंग पान्याने थोडा थोडा करून काढला. कंप्रेसर खालून निघाला, जड आहे, पोटावर पडू देऊ नका.

मग टिश्यू फिरवलं. तेल राखाडी, आणि उन्हात धरलं तर काजू कतलीवरच्या वर्खासारखं चमचम करतंय. बोटावर घेऊन चोळलं तर बारीक कच लागते. चुंबक लावून बघितलं, काही चिकटलं नाही, म्हणजे धातू नाही ना?

पाना_तेरा_नंबर
ॲल्युमिनियम आहे तो, चुंबकाला चिकटणार कसा. पिस्टन आणि बॉडी दोन्ही ॲल्युमिनियमची असतात.

कोपरखैरणे_कारएसी
हो. वाटलंच होतं. आता कंडेन्सरचा प्रश्न सुटला, तो जाणारच. आजकालचे कंडेन्सर पॅरलल फ्लो असतात, म्हणजे एका चपट्या पट्टीत अगदी बारीक नळ्या शेजारी शेजारी. फ्लश मारला, म्हणजे आतून द्रवाने धुतला, तर द्रव मोकळ्या नळ्यांतून निघून जातो आणि चोंदलेल्या तशाच राहतात, म्हणजे बाहेर स्वच्छ द्रव आला म्हणून आत स्वच्छ झालं असं होत नाही. उरलेली कच नवीन कंप्रेसरमध्ये फिरून जाते आणि तो काही आठवड्यांत घासायला लागतो. बहुतेक गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्या बाजूला उभ्या नळीत असतोच, तो कंडेन्सरबरोबर नवीन येतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हही नवीन. पाइप आणि इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डमागची गार होणारी जाळी) फ्लश करायचे, त्यासाठी एसीचंच फ्लश घ्या, ब्रेक क्लिनर किंवा पेट्रोल नको, आणि मग कोरड्या नायट्रोजनने फुंकून पूर्ण सुकवा. कंप्रेसर आणि व्हॉल्व्हमधून फ्लश कधीही मारू नका.

म्हणजे वर्कशॉपने कंडेन्सर लिहिला तो बरोबर लिहिला होता. फक्त का ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला तसं वाटलं नसतं.

आणि जुना कंडेन्सर काढल्यावर फेकू नका, खालचा कोपरा नीट बघा.

घोडबंदर_रोजचा
बघितला. ड्रायव्हर बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या आतल्या बाजूला, एक रुपयाएवढा मातीचा गोळा, बाकी सगळीकडे कोरडी धूळ आणि तिथेच ती ओलसर तेलकट. नखाने खरवडली तर आतमध्ये फिन (जाळीची पातळ पत्री) पांढरी पडून भुगा झालेली. हाच लीक ना?

कोपरखैरणे_कारएसी
हाच. धूळ जिथे तेलकट असते तिथे लीक, यंत्राआधी डोळ्याने बघायची पहिली खूण ही. खाली चिखल साचतो, ॲल्युमिनियम कुजतं, आपल्याकडे खाडीकाठच्या गाड्यांत तर फारच. दर टॉप-अपला बंपरखाली टॉर्च मारली असती तरी दिसलं असतं.

ऐरोली_आनंद
मी पण हे करायचं ठरवतोय, एक शंका. ऑइल कोणतं आणि किती? दुकानात आर-134ए चं तेल म्हणून एक बाटली दिली, त्यावर नंबर पॅग 100 आहे (पॅग म्हणजे एसीच्या तेलाचा प्रकार) आणि माझ्या जुन्या कंप्रेसरच्या लेबलवर पॅग 46. चालेल का?

कोपरखैरणे_कारएसी
नाही चालणार. कंप्रेसरच्या लेबलवर जे आहे तेच. 46 पातळ, 100 जाड, ज्या कंप्रेसरचे गॅप पातळ तेलाला धरून बनवलेत त्यात जाड टाकून उपयोग नाही. आणि कुणी मिनरल ऑइल देत असेल तर परत करा, आर-134ए मध्ये ते विरघळतच नाही, मग ते इव्हॅपोरेटरमध्ये पडून राहतं आणि कंप्रेसरला पोचत नाही.

किती याचं: नवीन कंप्रेसरमध्ये बहुतेक वेळा तेल भरूनच येतं, काहींत मात्र फक्त वाहतुकीपुरतं असतं, सोबतचा कागद वाचा. एरवी नियम असा की जुन्या कंप्रेसरमधून निघेल तेवढं मोजून नवीनमध्ये ठेवायचं. पण घोडबंदरवाल्या भाऊंच्या केसमध्ये तो नियम लावू नका, जुना तर कोरडाच मेलाय! इथे कंडेन्सर नवीन, पाइप फ्लश केलेले, म्हणजे पूर्ण सिस्टीमचं तेल हिशेबात धरायचं, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिलीलिटरमध्ये असतं. जास्तही घालू नका, जास्त तेल इव्हॅपोरेटरमध्ये बसतं आणि कूलिंग कमी होतं.

बाटली उघडी ठेवू नका. पॅग तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडची हवा म्हणजे विचारायला नको. जे काही करायचं ते पाऊस सुरू व्हायच्या आत करा, आणि ड्रायरची टोपणं सगळ्यात शेवटी काढा.

घोडबंदर_रोजचा
बसवला आज. ओरिंग सगळ्या नवीन, हिरव्या, प्रत्येकीला तेच पॅग तेल बोटाने लावून. जुन्या ओरिंग काढल्या तर चपट्या होऊन कडक झाल्या होत्या, नखाने दाबल्या तर खळगा तसाच राहतो. मॅन्युअलमध्ये कंप्रेसरच्या आठ एमएमच्या बोल्टना 20-25 न्यूटन मीटर, पाइपांच्या सहा एमएमच्या बोल्टना 8-10 दिलंय, तसं टॉर्क रेंचने केलं. कंडेन्सर बसवताना बंपर पूर्ण काढावा लागला, शेजारचे काका बंपर धरायला आले होते. शेवटी कोपरखैरणेच्या दादांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे क्लचची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवली, आधी जड मग हलकी.

आता वॅक्यूम. एकाने सांगितलं फ्रीजचा जुना कंप्रेसर वॅक्यूम पंप म्हणून चालतो. माझ्या भावाकडे आहे तो. चालवू का?

मेधा_नेरूळ
वॅक्यूमचं काम नुसती हवा काढणं नाहीये, आतलं पाणी उकळवून वाफ करून काढणं आहे. 30 अंशाला पाणी उकळायचं तर गेजवर साधारण 28.7 इंच वॅक्यूम लागतो, त्याच्या अलीकडे पाणी आत तसंच बसून राहतं. फ्रीजच्या थकलेल्या कंप्रेसरने 26-27 वर गेलात तर हवा गेली असं वाटेल आणि पाणी राहील. ते पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ होऊन अडकतं, आणि तेल व गॅसबरोबर मिळून आत आम्ल तयार होतं. एक गोष्ट आपल्या बाजूची, ठाणे समुद्रसपाटीला आहे आणि उन्हाळा आहे, त्यामुळे चांगल्या पंपाला हे सहज जमतं. पंप भाड्याने घ्या किंवा मशीनवरच करून घ्या.

कोपरखैरणे_कारएसी
ताईंना अनुमोदन. डबल स्टेज पंप, पाऊण तास तरी, मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसायचं. काटा सरकला तर लीक. पण काटा नाही सरकला म्हणजे लीक नाहीच असं नाही, कारण वॅक्यूममध्ये बाहेरून फक्त एक वातावरणाचा दाब असतो आणि एसी चालू झाल्यावर आतून 200 पीएसआय, म्हणजे त्याच्या कितीतरी पट. म्हणून मी आधी नायट्रोजन 150 पीएसआयला भरून साबणाचं पाणी लावतो. नायट्रोजनच्या सिलिंडरला रेग्युलेटर पाहिजेच, त्यात 2000 च्या वर दाब असतो. आणि कुणी ऑक्सिजन किंवा टायरची हवा भरू म्हणत असेल तर लांब राहा. ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो, आणि टायरच्या हवेतून पाणी आत जातं.

ऐरोली_आनंद
गॅस मात्र मी स्वतः भरणार, छोटे कॅन मिळतात. गेज बघून भरतो.

कोपरखैरणे_कारएसी
गेज बघून नका भरू, वजन करून भरा. एसी बंद असताना 30 अंशाच्या गाडीत जरा जरी द्रव असला तरी गेज 97 पीएसआयच्या आसपासच दाखवणार, मग आत 150 ग्रॅम असो की 400. म्हणजे 97 दिसलं की फुल, हा समज चुकीचा. चालू असताना लो साइडला (सक्शनच्या बाजूला) 30-40 आणि हाय साइडला (डिस्चार्जच्या बाजूला) 200-250 दिसतं पण ते बाहेरच्या गरमीवर, फॅनवर, आरपीएमवर खालीवर होतं. छोट्या गाडीत 50-60 ग्रॅमने फरक पडतो. किचनचा डिजिटल काटा घ्या आणि कॅन त्यावर ठेवून भरा, कॅन सरळ उभा, उलटा नाही, म्हणजे वाफ जाईल, द्रव गेला तर कंप्रेसर तो दाबू शकत नाही आणि व्हॉल्व्ह मोडतात. गाडी चालू असताना गेजचा लाल, म्हणजे हाय साइडचा, नॉब बंदच पाहिजे. तो उघडला तर हाय साइडचा दाब उलटा कॅनमध्ये येतो आणि कॅन फुटतो. कृपा करून हे हलक्यात घेऊ नका. नाहीतर सरळ तुर्भेला किंवा वागळे इस्टेटला मशीनवाल्याकडे न्या, तो ग्रॅमात भरतो.

घोडबंदर_रोजचा
मी मशीनवरच केलं. टो करून नाही, रिले काढलेल्या अवस्थेत चालवत वागळे इस्टेटपर्यंत नेली. नायट्रोजन टेस्ट पास, वॅक्यूम, यूव्ही डाय (लीक दाखवणारा रंग) घातला, स्टिकरप्रमाणे 400 ग्रॅम गॅस. दुपारी दीडला, बाहेर 35, मधल्या व्हेंटमध्ये किचनचा थर्मामीटर ठेवला, 9 अंश दाखवले, आणि ते सिग्नलला उभं असताना. क्लच लागल्याचा तो टक आवाज ऐकला आणि खरं सांगतो डोळ्यांत पाणी आलं.

खर्च: कंप्रेसर नवीन साडेतेरा हजार, ड्रायरसकट कंडेन्सर 4800, एक्सपान्शन व्हॉल्व्ह 900, बेल्ट, ओरिंग, तेल, फ्लश मिळून दोनच्या आसपास, मशीनचे अडीच. म्हणजे साधारण 24 हजार. पार्टच्या दुकानदाराने सांगितलं की कंडेन्सर, ड्रायर आणि फ्लशची बिलं असतील तरच कंप्रेसरची वॉरंटी, म्हणून ती सगळी जपून ठेवलीयेत, तुम्हीही ठेवा.

परवा आईला कळव्याला नेलं, येताना झोपली होती गाडीत.

ठाणेकर_विजू
अभिनंदन भाऊ. मी पण उद्या बंपरखाली टॉर्च मारून बघतो, माझाही दरवर्षी टॉप-अप असतो.

पनवेल_सुरेखा
खूप उपयोगी धागा. माझी गाडी स्ट्राँग हायब्रिड आहे, कूलिंग कमी झालंय, मिस्टरांनी हे वाचून कंप्रेसर काढायचं मनावर घेतलंय. त्यांना पाठवू का पार्किंगमध्ये?

कोपरखैरणे_कारएसी
नको ताई, त्यांना थांबवा. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कंप्रेसर बेल्टवर नसतो, विजेवर चालतो, केशरी केबल त्याच्यातच गेलेली असते आणि तिच्यात शेकडो व्होल्ट. शिवाय त्यात पॅग तेल चालत नाही, विजेला अडवणारं वेगळं पीओई तेल लागतं, पॅगचा थोडा अंश जरी गेला तरी इन्सुलेशन कमी होतं आणि गाडी फॉल्ट दाखवून बंद पडते. भरायच्या मशीनची नळी आधीच्या गाडीच्या पॅग तेलाने ओली असेल तरी तेवढं पुरतं, म्हणून हायब्रिडला वेगळी नळी ठेवणाऱ्याकडेच जा आणि भरायच्या आधी त्याला हे विचारा. तोपर्यंत मिस्टरांना केबिन फिल्टर काढून बघायला सांगा, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हवाच कमी येत असेल तर तिथेच उत्तर मिळेल.

पनवेल_सुरेखा
केबिन फिल्टर काढला. काळा ठिक्कर, वर पिंपळाची पानं. नवीन मागवलाय, बसवून सांगते.